सक्तीचा विषय आणि उंबरठ्याबाहेरचा विद्यार्थी

वसई परिसरात जमिनीचा एखादा जुना व्यवहार तपासण्याची वेळ आली, म्हणजे घरातील पेटीच्या तळाशी पडलेले कागद बाहेर निघतात. त्यांत खरेदीखत असते, गहाणखत असते, भावाभावांतील वाटपपत्र असते. कागद पिवळा पडलेला असतो, शाई फिकी झालेली असते. पण खरी अडचण ती नसते. कागद मोडीत लिहिलेला असतो आणि घरातील पदवीधरांना त्यातील एक ओळही लागत नाही. त्याच घरातील पणजोबा ‘फायनल’ पास झालेले असतील, तर त्यांनी तो कागद ओटीवर बसून घडाघडा वाचून दाखविला असता. नातवंडे-पतवंडे त्यांच्यापेक्षा आठ-दहा वर्षे अधिक शिकली. तरी त्यांना तो वाचता येऊ नये, असे का झाले? पणजोबांच्या परीक्षेत मोडी हा विषय होता, पतवंडांच्या परीक्षेत तो नव्हता, एवढेच त्याचे उत्तर आहे.

उत्तर साधे असले तरी त्यातून निघणारा प्रश्न साधा नाही. सार्वजनिक परीक्षेला कोणते विषय सक्तीचे असावेत, हे ठरविणे म्हणजे अभ्यासक्रम समितीचे एक तांत्रिक काम, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः सक्तीच्या विषयांची यादी दोन निर्णय एकाच वेळी करीत असते. समाजाने पुढील पन्नास वर्षे काय ध्यानात ठेवावे आणि काय विसरावे, हा पहिला निर्णय. आणि कोणत्या घरातील मूल उंबरठा ओलांडील व कोणते बाहेर राहील, हा दुसरा. पहिल्या निर्णयाची चर्चा निदान थोडीफार होते. दुसऱ्याची होत नाही, कारण जे बाहेर राहतात त्यांची नावे निकालपत्रात छापली जात नाहीत.

दोन परीक्षा, दोन दरवाजे

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील मुलापुढे मुख्यतः दोन दरवाजे होते. एक मराठी शाळेच्या शेवटच्या इयत्तेच्या परीक्षेचा. पुढे ती ‘व्हर्नाक्युलर फायनल’ आणि लोकांच्या तोंडी नुसती ‘फायनल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ती पास होणाऱ्याला प्राथमिक शाळेतील मास्तरकी, तलाठ्याची जागा किंवा कचेरीतील कनिष्ठ कारकुनी मिळण्याचा संभव असे. तिच्या विषयांवर या नोकऱ्यांची छाप स्पष्ट होती. मराठीचे वाचन-लेखन बालबोध आणि मोडी अशा दोन्ही लिप्यांत यावे लागे. जोडीला हिशेब, इतिहास व भूगोल असे. ज्याला गावचे दप्तर सांभाळावयाचे त्याला दप्तराची लिपी आलीच पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

दुसरा दरवाजा मॅट्रिकचा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतील उत्तीर्ण विद्यार्थी. या परीक्षेत इंग्रजी हा विषय तर होताच. पण इतर विषयांच्या उत्तरपत्रिकाही इंग्रजीतच लिहावयाच्या असत. अंकगणित, बीजगणित व युक्लिडची भूमिती, इंग्लंडचा व हिंदुस्थानचा इतिहास, भूगोल, सृष्टिशास्त्राची तोंडओळख आणि इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा, असा एकूण पसारा होता. वसईच्या मुलाने आधी आपल्या खाडीपलीकडचा भूगोल जाणावा की नाही याविषयी परीक्षा मौन बाळगी. इंग्लंडच्या राजघराण्यांचा क्रम मात्र त्याला यावा लागे.

या दोन दरवाजांमधील अंतर फार होते. फायनल पास झालेला मनुष्य गावात ‘मास्तर’ म्हणून मान मिळवी. परंतु वकिली, डॉक्टरी, वरची सरकारी नोकरी या सर्व वाटा मॅट्रिकमधूनच जात. आणि पहिला दरवाजाही वाटतो तितका सताड उघडा नव्हता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. मराठी शाळेची ही परीक्षा देण्यासाठी ते मुरूडहून कुंभार्ली घाट चढून, सुमारे ११० मैल पायी चालत, पावसापाण्यातून साताऱ्यास पोहोचले. परीक्षेला वयाची अट होती. मुलगा वयाने लहान दिसतो, असे सांगून परीक्षकांनी त्यांना बसू दिले नाही. विषयांची तयारी पूर्ण होती. अडले ते चेहऱ्यामुळे. पुढे याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि मातृभाषा हे त्याचे माध्यम ठरविले. परीक्षेच्या अटी माणसाला कसे अडवितात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

१८८२ साल

वसई तालुक्यापुरते बोलावयाचे तर १८८२ हे साल या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सोपारे येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड उकरण्यात आले आणि त्यातून बौद्ध स्तूप व त्यातील करंडक उजेडात आला. त्याच वर्षी सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. हे काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे. ते इंग्रजी शाळेत शिकलेले नव्हते, विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हते. त्यांचे निबंध इतर विद्वानांनी इंग्रजीत उतरविले. असे असूनही ब्राह्मी लेखांच्या वाचनात त्यांचा शब्द युरोपातील पंडित प्रमाण मानीत, आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची अक्षरे वाचणारा हा मनुष्य मॅट्रिकच्या इंग्रजीच्या पेपरला बसला असता, तर काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही.

याचा अर्थ परीक्षा निरर्थक होती असा नव्हे. भगवानलालांसारखा मनुष्य शतकात एखादाच, आणि त्याला भाऊ दाजींसारखा गुणग्राहक आश्रयदाता लाभला होता. ज्याला आश्रयदाता नाही त्याच्यासाठी परीक्षा हाच आधार असतो. नातेगोते, जात आणि शिफारस यांच्यापेक्षा गुणपत्रिका बरी, हे खरेच आहे. म्हणूनच गुणपत्रिकेवर कोणते विषय छापले जातात याला इतके महत्त्व येते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. शाळेत काय शिकवावे याचीही यादी त्यांनी त्याच निवेदनात दिली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरील काही पाठ, अशी ती यादी होती. या यादीतील पहिल्या दोन विषयांचे मर्म ज्याने सावकाराच्या ओटीवर अंगठा उठविला आहे त्यालाच कळेल. खत मोडीत, व्याजाचा हिशेबही मोडीत. वाचणारा एकच, आणि तो पलीकडच्या बाजूला बसलेला. शेतकऱ्याच्या मुलाला मोडी येणे म्हणजे आपण कशावर अंगठा करीत आहोत हे कळणे. अभ्यासक्रम ठरविताना फुल्यांनी आधी त्या मुलाचे आयुष्य पाहिले आणि मग विषय निवडले.

संस्कृत आणि फारसी

मॅट्रिकच्या विषयांपैकी ‘दुसरी भाषा’ ही वरवर पाहता निवडीची बाब. संस्कृत, फारसी, लॅटिन अशा अनेक भाषांतून विद्यार्थ्याने आपल्या आवडीची घ्यावी, यापेक्षा उदार नियम तो कोणता? परंतु नियमावलीतील निवड आणि वर्गातील निवड यांत अंतर असते.

भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९०७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली. ७५० पैकी २८२ गुण मिळवून ते उत्तीर्ण झाले. त्यांची दुसरी भाषा फारसी होती. ती त्यांच्या आवडीची नव्हती. अस्पृश्य मुलांना संस्कृत शिकविण्यास शिक्षकाने नकार दिल्यामुळे आधी थोरल्या भावाला आणि मग भीमरावांना फारसीकडे वळावे लागले होते. विद्यापीठाच्या नियमांत अस्पृश्याने संस्कृत घेऊ नये असे कलम कोठेही नव्हते. त्याची गरजही नव्हती. संस्कृतविषयीची ओढ बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या अभ्यासाने पुरी केली, ही गोष्ट वेगळी.

पाचच वर्षांनी, १९१२ मध्ये, त्याच परीक्षेत चिंतामण द्वारकानाथ देशमुख सबंध विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतातील प्रावीण्यासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. देशमुखांच्या बुद्धिमत्तेविषयी वाद नाही. पण हे दोन विद्यार्थी एकाच प्रश्नपत्रिकेला, एकाच नियमांखाली बसले, असे म्हणता येईल काय? १९५० मध्ये हे दोघेही नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. एक कायदामंत्री, दुसरे अर्थमंत्री. गुणपत्रिकेने माणसाची उंची मोजली जाते, अशा समजुतीला याहून बोलके उत्तर शोधावे लागू नये. ज्यांना आंबेडकरांची जिद्द लाभली नाही, अशी किती मुले त्या वर्गाच्या दारावरून परत फिरली असतील, हा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

मातृभाषेचा पेपर

मराठीची स्वतःची कथाही याहून फारशी वेगळी नाही. विद्यापीठाच्या आरंभीच्या काळात देशी भाषांना जे थोडेफार स्थान होते, ते १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून गेले आणि अभिजात भाषांचे राज्य सुरू झाले. कॉलेजात मराठी नाही म्हटल्यावर हुशार विद्यार्थी शाळेतच तिच्याकडे पाठ फिरवू लागला. न्यायमूर्ती रानडे यांनी या विरुद्ध आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९०१ मध्ये, एम. ए. च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. मराठी माणसाला मराठीतून इतिहास-भूगोलाची उत्तरे लिहिण्याची मुभा तर त्यानंतर कित्येक वर्षांनी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात हळूहळू मिळत गेली.

पण ‘मातृभाषा’ हा शब्दही वसईत जपून वापरावा लागतो. सामवेदी ख्रिस्ती कुटुंबात घरची बोली कादोडी. वाडवळांची बोली निराळी, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची त्याहून निराळी, आणि पूर्वेकडे पारोळच्या अंगाला डोंगरपट्टीत वारली. शंभर वर्षांपूर्वीच्या नंदाखाल वा गास येथील ख्रिस्ती मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. चर्चमधील प्रार्थना लॅटिनमध्ये, घरात कादोडी, शाळेच्या पुस्तकात पुण्याची प्रमाण मराठी आणि नोकरीसाठी इंग्रजी. मुंबईला रेल्वेत वा कचेरीत जागा मिळविण्याची स्पर्धा तर इतकी तीव्र, की या ख्रिस्ती समाजाने गोव्याहून येणाऱ्यांपासून आपला वेगळेपणा दाखविण्यासाठी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नावच धारण केले. चार भाषांत वावरणाऱ्या या मुलाला परीक्षा भाषेत कच्चा ठरवी. कारण ज्या एका भाषेत तो सहज बोले, हसे आणि भांडे, ती यादीत कोठेच नव्हती. पुढे याच वसईने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक मराठीला दिला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. बोलीच्या घरातून आलेले मूल प्रमाण भाषेत मागे पडतेच असे नाही. मात्र त्याला हात धरून उंबरठा ओलांडून देणारा शिक्षक भेटावा लागतो.

स्वातंत्र्यानंतरची उलथापालथ

स्वातंत्र्यानंतर परीक्षेचा कारभार बदलला. १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि विद्यापीठाची मॅट्रिक इतिहासजमा झाली. बाळासाहेब खेर यांच्या राजवटीत पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढण्यात आले व ते आठवीपासून सुरू होऊ लागले. हेतू शुद्ध होता. इंग्रजीच्या ओझ्याखाली मुलाचे बालपण आणि त्याची बुद्धी दोन्ही दडपली जातात, हे खोटे नव्हते. परंतु शाळेतील इंग्रजी कमी झाले तेव्हा कॉलेजातील इंग्रजी कमी झाले नाही. मराठी शाळेतून तीन-चार वर्षांचे इंग्रजी घेऊन निघालेला वसईचा मुलगा पहाटेच्या गाडीने मुंबईच्या कॉलेजात पोहोचे, तेव्हा शेजारच्या बाकावर बालवर्गापासून इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी बसलेला असे. ज्यांना परवडत होते त्यांनी धोरणाला वळसा घातला. इंग्रजी शाळांचे प्रवेश अँग्लो-इंडियन व बिगर आशियाई वंशाच्या मुलांपुरते मर्यादित करणारा आदेश मुंबई सरकारने जानेवारी १९५४ मध्ये काढला. तोही त्याच वर्षी न्यायालयात टिकला नाही. सक्ती उठविल्याने विषयाची गरज उठत नाही. ती गरज भागविण्याची जबाबदारी मात्र शाळेवरून पालकाच्या खिशावर जाते. अखेर २००० साली महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. वर्तुळ पुरे झाले. मधल्या पिढ्यांचे जे झाले ते झाले.

मोडीचेही तेच. स्वातंत्र्यानंतर नागरीचा पुरस्कार झाला, छपाईला ती सोयीची होती, आणि मोडी शाळांतून गेली. एका लिपीचे ओझे कमी झाले यात गैर काही नव्हते. पण लाखो कागद ज्या लिपीत आहेत ती वाचणारी माणसे यापुढे कोठून येणार, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांचा शोध सुरू झाला. एका मोठ्या समाजाच्या हक्काचा पुरावा सरकारी कपाटात होता आणि तो वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते, परीक्षा घेते, हे कौतुकास्पद आहे. परंतु जे एके काळी तालुक्यातील प्रत्येक मास्तराला येत होते, ते आज मूठभर हौशी अभ्यासकांच्या हाती आहे.

एस. एस. सी. च्या अकरावीतील विषयांची निवड संपवून १९७५ मध्ये दहावीची नवी परीक्षा आली. पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, ही कोठारी आयोगाची शिफारस तिच्यामागे होती. या निर्णयाने खेड्यातील मुलीलाही विज्ञानाचे दार उघडले, हे त्याचे मोठे यश. त्याच निर्णयाने गणितात अडकलेली मुले वर्षानुवर्षे दहावीच्या उंबरठ्यावर उभी राहिली, हेही तितकेच खरे. प्रयोगशाळा नसलेल्या आणि गणिताचा शिक्षक नसलेल्या शाळेतील मुलावर जेव्हा हा विषय सक्तीचा होतो, तेव्हा नापास होतो तो केवळ मुलगा नव्हे. पण शिक्का त्याच्याच गुणपत्रिकेवर बसतो.

कसोटी कोणती?

हा सर्व इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मागे घेण्यात येऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या वादात अस्मितेविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि अस्मितेला तिचे स्थान आहेच. परंतु पारोळच्या पलीकडील पाड्यावर एका वा दोन शिक्षकांच्या शाळेत, घरी वारली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलापुढे मराठी, इंग्रजी आणि तिसरी एखादी भाषा कोण आणि कशी ठेवणार, याविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले गेले.

मोठ्या शहरातील मोठ्या शाळेला कोणताही विषय सक्तीचा केला तरी चालतो. ती शिक्षक नेमते, पालक शिकवणी लावतात. म्हणून सक्तीची कसोटी तेथे लावता येत नाही. ती तालुक्यातील सर्वांत दुबळ्या शाळेत लावली पाहिजे. विषय सक्तीचा करण्यापूर्वी तो शिकविणारा मनुष्य तेथे पोहोचला आहे काय, हे पाहावे. आणि विषय वगळण्यापूर्वी त्याच्यावाचून उद्या कोणाचे अडेल, हे विचारावे. शिक्षक न देता केलेली सक्ती ही परीक्षा नव्हे, चाळणी आहे. आणि पर्याय न देता दिलेली सूट ही सवलत नव्हे, ती केवळ अडचण पुढच्या पिढीवर ढकलणे आहे.

अभ्यासक्रम समित्यांवर विद्वान असतात, असावेतच. पण त्यांच्या बैठकीत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत असे समजून निर्णय व्हावा. एक खुर्ची त्या मुलाची, जे वर्गाच्या दारावरून परत फिरणार आहे. दुसरी त्या पतवंडाची, जे पुढे कधीतरी आपल्याच घरातील पेटी उघडील आणि आपल्याच पूर्वजाच्या हाताचा कागद उलटासुलटा धरून पाहत बसेल.